हिमनदीचे मोजमाप: चंद्रा खोऱ्याच्या उदाहरणातून क्षेत्रकामाची पद्धत

हिमनदी आटत असल्याचे सांगताना तिचे मुख, म्हणजे खालचे टोक, किती मीटर मागे सरकले हाच आकडा सहसा पुढे केला जातो. तो मोजायला सोपा आणि छायाचित्रात दाखवायला सोयीचा असला, तरी हिमनदीच्या प्रकृतीचा तो उशिरा मिळणारा आणि पुष्कळदा फसवा पुरावा आहे. मुख मागे हटते ते आधीच्या कित्येक वर्षांच्या, कधी काही दशकांच्या हवामानाचा परिणाम म्हणून. आणि दगडगोट्यांच्या जाड थराखाली दडलेली हिमनदी तर जागच्या जागी पातळ होत जाते, तिचे मुख मात्र नकाशावर जवळजवळ तिथेच दिसत राहते. हिमाचल प्रदेशातील सर्वांत मोठी बडा शिग्री ही हिमनदी सुमारे २८ किलोमीटर लांब असून तिचा खालचा भाग असाच दगडांनी झाकलेला आहे. म्हणून क्षेत्रकामाला निघताना दोन प्रश्न पक्के धरावेत: वर्षभरात हिमनदीवर किती पाणी साठले आणि किती गेले, आणि तिच्या मुखातून निघणाऱ्या ओढ्याने कोणत्या वेळी किती पाणी खाली नेले. पुढचे सर्व विवेचन या दोन प्रश्नांना धरूनच आहे. या लेखात हिम म्हणजे पडून साचलेला भुसभुशीत थर आणि बर्फ म्हणजे दाबाने घट्ट झालेली हिमनदीची मूळ काया, असा फरक ठेवला आहे.

उदाहरण म्हणून लाहौल-स्पिती जिल्ह्यातील चंद्रा नदीचे खोरे घेतले आहे, कारण भारतात या कामाची जुनी आणि सलग परंपरा ज्या मोजक्या ठिकाणी आहे त्यांपैकी हे एक. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७४ मध्ये हिमाचलमधीलच गारा हिमनदीवर देशातील पहिले वस्तुमान संतुलनाचे, म्हणजे वर्षभरातील साठा आणि घट यांच्या ताळेबंदाचे, मापन सुरू केले. चंद्रा खोऱ्यातील छोटा शिग्री ही सुमारे ९ किलोमीटर लांबीची आणि १५.५ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाची हिमनदी २००२ पासून जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे संशोधक फ्रेंच सहकाऱ्यांसह दरवर्षी मोजत आले आहेत. गोव्यात वास्को येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने २०१६ मध्ये याच परिसरात सुमारे ४,००० मीटर उंचीवर ‘हिमांश’ हे संशोधन केंद्र उभारले. सुत्री ढाका, बातल, समुद्र टापू अशा हिमनद्यांवरचे काम तिथून चालते. भूशास्त्र, भूगोल किंवा जलविज्ञान शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला या कामात शिरायचे असेल, तर गोव्यातली ही संस्था त्याला जवळची आहे.

निघण्यापूर्वी

हिमनदीचे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३० सप्टेंबरला संपते असे धरतात, कारण पश्चिम हिमालयात सप्टेंबरअखेर वितळण थांबत आलेले असते आणि नवे हिम अजून साचलेले नसते. त्यामुळे मुख्य मोहीम सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ठेवावी. दुसरी मोहीम मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीस, हिवाळ्यातील साठा पूर्ण झालेला पण वितळणीने फार कमी न झालेला असताना करावी. या खोऱ्यात बहुतांश हिम पश्चिमी विक्षोभांमुळे (पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेच्या पट्ट्यांमुळे) हिवाळ्यात पडते आणि मोसमी पावसाचा जोर इथे पोहोचेपर्यंत ओसरलेला असतो. त्यामुळे उन्हाळी मोहीम चुकली तर हिवाळ्याचा हिशेब वेगळा काढता येत नाही, फक्त वर्षाची गोळाबेरीज हाती उरते. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून लाहौलमध्ये उतरणे पुष्कळ सोपे झाले आहे, पण ग्रांफूपासून बातलकडे जाणारा रस्ता आणि पुढची ४,५५१ मीटर उंचीची कुंझुम खिंड हिवाळ्यात बंदच असते. सामान वेळेत वर न्यायचे असेल, तर रस्ता उघडण्याची तारीख गृहीत न धरता स्थानिक प्रशासनाकडून खात्री करून घ्यावी.

परवानग्यांचे काम किमान काही महिने आधी हाती घ्यावे. उपग्रह दूरध्वनी भारतात दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि सीमेलगतच्या जिल्ह्यात ड्रोन उडवण्यापूर्वी त्याच्या सरकारी नोंदणीबरोबर जिल्हा प्रशासनाची लेखी संमती हाती असणे शहाणपणाचे आहे. मनाली सुमारे २,००० मीटरवर आणि तळछावणी ३,८०० मीटरच्या वर असल्याने मध्ये मुक्काम करून शरीराला उंचीची सवय होऊ द्यावी. पहिल्याच दिवशी ओझे घेऊन हिमनदीवर चढण्याचा उत्साह मोहिमेचे पुढचे सगळे दिवस खाऊन टाकतो. गिर्यारोहणाचा प्राथमिक अभ्यासक्रम केलेला निदान एक माणूस प्रत्येक दोरीवर असावा, आणि तो फक्त दोरीकडे पाहणारा असावा, मोजणारा नव्हे.

काठ्या रोवणे आणि वाचणे

वितळणाऱ्या भागात मोजमापाचे मुख्य साधन आजही बांबूची काठी आहे. धातूची नळी उन्हात तापून स्वतःभोवतीचा बर्फ वितळवते आणि पोकळ असल्यास हळूहळू खाली रुतते. बांबूत हा दोष कमी आणि तो स्वस्तही पडतो. दोन-दोन मीटरचे तुकडे तारेने किंवा लहान साखळीने एकमेकांना जोडून आठ ते दहा मीटर लांबीची माळ करतात. बर्फात भोक पाडण्यासाठी वाफेचे यंत्र वापरतात: गॅसच्या शेगडीवर पाण्याची दाबटाकी, तिला जोडलेली लांब लवचीक नळी आणि टोकाला धातूची तोटी. स्वच्छ बर्फात आठ मीटरचे भोक साधारण अर्ध्या तासात पडते. बर्फात दगड अडकलेला असला तर तोटी तिथेच अडते, आणि अशा वेळी जोर न लावता हातभर बाजूला नवे भोक घ्यावे. वाफेची नळी हाताळणाऱ्याच्या हातात जाड कातडी मोजे हवेतच.

भोक पाण्याने भरलेले असते आणि बांबू तरंगतो, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. माळ सोडली की ती सावकाश वर येऊ लागते, आणि संध्याकाळी घेतलेली नोंद सकाळपर्यंत चुकीची ठरते. यासाठी सर्वांत खालच्या तुकड्याला लोखंडी वजन बांधावे, माळ तळाला टेकल्याची खात्री करावी, आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजून मगच पहिली नोंद अंतिम करावी. प्रत्येक तुकड्यावर काठीचा क्रमांक, खालून मोजलेला तुकड्याचा क्रमांक आणि रोवल्याचे वर्ष कोरून लिहावे. शाई एका उन्हाळ्यात उडून जाते.

वाचन करताना बर्फाच्या पृष्ठापासून काठीच्या टोकापर्यंतची लांबी मोजायची असते, पण काठीच्या बुडाशी बहुधा वाटीसारखा खळगा झालेला असतो. त्या खळग्याच्या तळापासून मोजल्यास वितळण फुगवून दाखवली जाते. काठीला टेकवून आडवी फळी ठेवावी आणि तिच्या खालच्या कडेपासून मोजावे. वरचे तुकडे बाहेर येऊन आडवे पडलेले असतील, तर तारेने जोडलेले किती तुकडे पडले आहेत ते मोजून त्यांची लांबी मिळवावी. काठी मुळातच तिरपी रोवली गेली असेल तर लांबीला उभ्या रेषेपासूनच्या कोनाच्या कोज्येने (cos) गुणावे लागते. मात्र काठीचा फक्त उघडा भाग वाऱ्याने कलला असेल तर त्याच्या कडेने मोजलेली लांबीच खरी. या दोन स्थिती वहीत वेगवेगळ्या लिहाव्यात, कारण घरी परतल्यावर छायाचित्रावरून त्या ओळखता येतीलच असे नाही.

आता हिशेब. मागील सप्टेंबरात काठी १.४२ मीटर बाहेर होती आणि या सप्टेंबरात ३.१८ मीटर, तर १.७६ मीटर बर्फ गेला. बर्फाची घनता घनमीटरला ९०० किलोग्रॅम धरून १.७६ ला ०.९ ने गुणले की १.५८ मीटर पाणीतुल्य घट मिळते, म्हणजे गेलेल्या बर्फाचे पाणी केले तर त्याची तेवढी उंची भरते. दोन्हीपैकी एका वेळी पृष्ठभागावर ताजे हिम असेल, तर त्याची जाडी आणि घनता स्वतंत्र मोजून ती नोंद जुळवून घ्यावी, हिमाला ०.९ ने गुणणे ही या कामातली सर्वांत सर्रास आढळणारी चूक आहे.

काठ्यांची ठिकाणे निवडताना मध्यरेषेवर एक ओळ आणि मधूनमधून आडव्या ओळी ठेवाव्यात, म्हणजे दोन्ही काठांवरील सावली व दगडांचा परिणाम पकडता येतो. छोटा शिग्रीसारख्या हिमनदीला वीस-पंचवीस काठ्या पुरतात. काठ्यांच्या जागा जीएनएसएस उपकरणाने (उपग्रहांवरून अचूक स्थान ठरवणाऱ्या) नोंदवाव्यात आणि आधारकेंद्र नेहमी पक्क्या खडकावर, कोरून खूण केलेल्या एकाच बिंदूवर ठेवावे. हिमोढाचा, म्हणजे हिमनदीने वाहून आणलेल्या ढिगाऱ्यातला, दगड कितीही भक्कम वाटला तरी तो सरकतो. वर्षाच्या दोन टोकांच्या या नोंदींतून हिमनदीचा वेगही आपोआप मिळतो.

वरच्या भागातील खड्डा

समतोल रेषेच्या वर, जिथे वर्षभरात साठा वितळणीपेक्षा जास्त असतो, तिथे काठ्या हिमात बुडून जातात आणि खड्डा खणावा लागतो. आधीच्या सप्टेंबरातील पृष्ठ कोणते हे ओळखणे ही इथली खरी अडचण आहे. धुळीचा काळपट थर किंवा गोठलेली कडक पापडी ही त्याची खूण असते, पण उन्हाळ्यात मध्येच हिम पडल्यास अशा दोन-तीन पापड्या दिसतात. यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे सप्टेंबरच्या मोहिमेत ठरलेल्या जागी गेरू पसरून ठेवणे. पुढच्या वर्षी खणताना तांबडी रेघ लागली की वाद उरत नाही.

खड्ड्याची मोजायची भिंत सावलीत राहील अशी उत्तरेकडे तोंड असलेली ठेवावी आणि मोजणी संपेपर्यंत त्या बाजूच्या काठावर कुणी उभे राहू नये. वरून खाली दर दहा-वीस सेंटिमीटरला ठरावीक आकारमानाची नळी भिंतीत आडवी घुसवून नमुना घ्यावा व ताणकाट्यावर तोलावा. ५०० घनसेंटिमीटरच्या नळीत १९५ ग्रॅम हिम आले, तर घनता घनमीटरला ३९० किलोग्रॅम. सर्व थरांची सरासरी ४२० आणि खड्ड्याची खोली १.८ मीटर असल्यास त्या जागी ०.७५६ मीटर पाणीतुल्य साठा आहे. खड्डे दोन-तीनच होतात. त्यांच्या आसपास सळईने हिमाची खोली अनेक ठिकाणी तपासावी, कारण वाऱ्याने हिम फार असमान पसरते. हाच भाग भेगांवरील हिमपुलांचाही असल्याने दोरी सोडून सळई टोचत फिरणे टाळावे.

दगडांनी झाकलेला भाग

दगडांचा थर एक-दोन सेंटिमीटरचा असेल तर तो ऊन शोषून बर्फ अधिक वेगाने वितळवतो. जाडी वाढली की तोच थर पांघरुणासारखा बर्फाला वाचवतो. म्हणून या भागात प्रत्येक काठीजवळ दगडांच्या थराची जाडी खणून मोजलीच पाहिजे, आणि ओळ आखताना पातळ व जाड दोन्ही पट्टे घ्यावेत. काठी रोवण्यासाठी बाजूला केलेले दगड जसे होते तसे परत रचावेत. अन्यथा मोजली जाते ती आपणच उघड्या केलेल्या बर्फाची वितळण. बर्फाचे उघडे कडे आणि पृष्ठावरची लहान तळी मात्र काठ्यांच्या आवाक्याबाहेर राहतात, आणि झाकलेल्या हिमनद्यांची बरीच घट तिथेच होते. त्यासाठी ड्रोनने किंवा उपग्रह प्रतिमांवरून केलेल्या उंचीच्या नकाशांचा आधार घ्यावा लागतो.

ओढ्याचे पाणी

सह्याद्रीतील नदी पाऊस पडल्यावर चढते. हिमनदीचा ओढा निरभ्र दिवशी, ऊन तापल्यावर चढतो. पहाटे त्याची पातळी सर्वांत कमी असते, दुपारनंतर ती वाढत जाते आणि बहुधा संध्याकाळच्या सुमारास उच्चांक गाठते. हंगाम पुढे सरकतो तसा हिमनदीच्या पोटातील जलमार्ग रुंदावतात आणि हा उच्चांक लवकर येऊ लागतो. दिवसातून एकदाच, तेही छावणीच्या सोयीने सकाळी दहाला घेतलेले माप म्हणूनच निरुपयोगी ठरते. ओढा ओलांडायचा असेल तर पहाटे ओलांडावा आणि परतीची वेळ दुपारची येत असेल तर पलीकडेच मुक्कामाची तयारी ठेवावी.

मापनस्थान मुखाच्या शक्य तितके जवळ, पण सर्व फाटे एकत्र आल्यानंतरचे असावे. तिथे पात्र सरळ, एकसंध आणि एका बाजूला तरी खडकाचे हवे. वाळू-गोट्यांच्या पात्रात पहिल्याच मोठ्या पुराने तळ बदलतो आणि आधीची सर्व मापे पुढच्या पाण्याला लागू होत नाहीत. खडकाला उभी मापनपट्टी ठोकावी आणि तिच्याशेजारी छिद्रे पाडलेल्या पोलादी नळीत दाबमापक बसवून दर दहा किंवा पंधरा मिनिटांनी पातळी नोंदवावी. दाबमापक हवेशी जोडलेला नसेल तर छावणीत हवेचा दाब नोंदवणारे दुसरे उपकरण आवश्यक आहे. सर्व उपकरणांची घड्याळे एकाच वेळेवर, भारतीय प्रमाणवेळेवर किंवा जागतिक वेळेवर, लावावीत आणि कोणती वेळ लावली ते उपकरणावरच लिहावे.

पातळीवरून विसर्ग काढण्यासाठी प्रत्यक्ष विसर्ग अनेकदा मोजावा लागतो. खळाळत्या, उतारावरच्या ओढ्यात पंख्याच्या वेगमापकाने मोजणे अवघड आणि धोक्याचेही आहे. अशा ठिकाणी मिठाची पद्धत सर्वांत चांगली: पाण्यात न उतरता होते, आणि हिमनदीच्या पाण्यात विरघळलेले क्षार मुळातच कमी असल्याने थोडे मीठही स्पष्ट उमटते. घनमीटर प्रति सेकंद विसर्गामागे साधारण एक किलोग्रॅम साधे मीठ घ्यावे, ते तोलून बादलीत ओढ्याच्याच पाण्यात, किलोला सहा लिटर या प्रमाणात, पूर्ण विरघळवावे आणि प्रवाहाच्या मध्यभागी एकदम ओतावे. पात्राच्या रुंदीच्या वीस-पंचवीस पट अंतरावर, मध्ये कुठलाही फाटा मिळत वा फुटत नाही अशा ठिकाणी, विद्युतवाहकता मापक बुडवून दर एक ते पाच सेकंदांनी नोंद घ्यावी. वाहकता झपाट्याने चढून सावकाश मूळ पातळीवर येते. ती पूर्ण खाली येईपर्यंत थांबावे, कारण घाई केल्यास वक्राचे शेपूट कापले जाते आणि विसर्ग जास्त निघतो. दोन मापक दोन्ही काठांना ठेवता आले तर उत्तम. दोघांचे उत्तर जुळले नाही तर मीठ नीट मिसळलेले नाही, आणि अंतर वाढवून माप पुन्हा घ्यावे.

समजा ३ किलोग्रॅम मीठ ओतले आणि मूळ वाहकता वजा करून वक्राखालचे क्षेत्रफळ २,००० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर गुणिले सेकंद इतके आले. वाहकतेच्या एका एककामागे घनमीटरला ०.४८ ग्रॅम मीठ या दराने ते ९६० होते. ३,००० ग्रॅमला ९६० ने भागले की विसर्ग सुमारे ३.१ घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे जवळपास ११० क्युसेक. हा ०.४८ चा दर पुस्तकातून न घेता ओढ्याच्याच पाण्यात मोजून मीठ घालून जागेवर काढावा.

अशी किमान दहा-पंधरा मापे पहाटेच्या नीचांकापासून संध्याकाळच्या उच्चांकापर्यंत सगळ्या पातळ्यांवर विखुरलेली असावीत. त्यांवरून पातळी आणि विसर्ग यांचा वक्र बसवता येतो. पहाटेची मापे सोयीची म्हणून दहा आणि उच्चांकाची दोनच, असे झाले तर वर्षातील सर्वांत जास्त पाणी ज्या तासांत वाहिले त्याचाच आकडा अंदाजाचा राहतो. मोठा पूर येऊन गेला की तपासणीची मापे लगेच घ्यावीत आणि पात्र बदलले असल्यास नवा वक्र सुरू करावा.

त्याच वेळी ५०० मिलिलिटरच्या बाटलीत गाळाचा नमुना घ्यावा. हा गाळ खालच्या जलविद्युत प्रकल्पांची पाती झिजवतो. सतलजवरील नाथपा झाकरी प्रकल्प गाळाचे प्रमाण फार वाढल्यावर बंद ठेवावा लागतो. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांसाठी वेगळी लहान बाटली काठोकाठ, आत हवेचा बुडबुडा न ठेवता भरून घट्ट बंद करावी. ओढ्याबरोबरच ताजे हिम, जुना बर्फ, पाऊस आणि झरा यांचेही नमुने घेतले नाहीत, तर ओढ्यात कुणाचा वाटा किती हे त्या बाटलीवरून सांगता येत नाही.

आकडे जुळवणे

सर्व काठ्या आणि खड्ड्यांच्या मूल्यांवरून हिमनदीचे ५० मीटर उंचीचे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्याचे मूल्य ठरवावे, त्याला त्या पट्ट्याच्या क्षेत्रफळाने गुणावे आणि बेरजेला एकूण क्षेत्रफळाने भागावे. क्षेत्रफळ काही वर्षांनी अद्ययावत करावे; आक्रसलेल्या हिमनदीला जुना नकाशा लावल्यास घट जास्त दिसते. छोटा शिग्रीची दीर्घकालीन सरासरी घट वर्षाला सुमारे अर्धा मीटर पाणीतुल्य आहे. १५.५ चौरस किलोमीटरवर ते सुमारे ७८ लाख घनमीटर, म्हणजे ०.२७ टीएमसी (अब्ज घनफूट) होते. खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा सुमारे २ टीएमसी आहे हे लक्षात घेतले की प्रमाण कळते. मात्र ओढ्याचा वर्षाचा विसर्ग यापेक्षा पुष्कळ जास्त असतो, आणि तो सगळा ‘हिमनदी आटल्याचे पाणी’ म्हणून सांगणे चूक आहे. पूर्ण समतोलात असलेली हिमनदीही दर उन्हाळ्यात पाणी देतेच. ०.२७ टीएमसी हा फक्त भरून न निघालेला भाग होय.

काठ्यांच्या हिशेबात बारीक चूक दरवर्षी त्याच दिशेने होत असेल तर ती साठत जाते. म्हणून साधारण दहा वर्षांनी पृष्ठाच्या उंचीच्या दोन नकाशांतील फरकाशी तो ताडून पाहावा. तिथे आकारमान वस्तुमानात बदलताना घनमीटरला ८५० किलोग्रॅम ही घनता वापरण्याचा प्रघात आहे, कारण गेलेल्या भागात बर्फाबरोबर हिमही असते.

मालिका न तुटू देणे

स्वीडनमधील स्टोरग्लासियेरेन हिमनदीची मालिका १९४५-४६ पासून आणि ऑस्ट्रियातील हिंटरआइसफेर्नरची १९५२-५३ पासून सलग आहे. झ्युरिक येथील जागतिक हिमनदी निरीक्षण सेवा किमान तीस वर्षांच्या अखंड मापनांना संदर्भ-हिमनदीचे स्थान देते. तीस वर्षांत माणसे, निधी आणि उपकरणे सर्व बदलतात. म्हणून प्रत्येक काठीचा एक स्वतंत्र कागद असावा: रोवल्याची तारीख, खोली, निर्देशांक, चारही दिशांची छायाचित्रे, प्रत्येक वाचन आणि वाचणाऱ्याचे नाव. वही पेन्सिलने लिहावी आणि छावणीत परतल्यावर त्याच रात्री तिच्या पानांची छायाचित्रे काढावीत. गाळलेले वाचन रिकामे ठेवावे. अंदाजाने भरलेली जागा पुढच्या माणसाला मोजलेलीच वाटते.

मुखाजवळ वर्षाला काही मीटर बर्फ जात असल्याने दहा मीटरची काठी तिथे दोन-तीन वर्षांतच संपते. ती पडण्याची वाट न पाहता दोन मीटर उरलेली असतानाच, आणि काठी हिमनदीबरोबर खाली सरकलेली असल्याने तिच्या शेजारी नव्हे तर मूळ निर्देशांकावर, नवी रोवावी आणि एक पूर्ण हंगाम दोन्हींची वाचने घ्यावीत. दाबमापक, विद्युतवाहकता मापक किंवा वाचणारा माणूस बदलतानाही जुना आणि नवा एक हंगाम बरोबर चालवावा, आणि दोघांतील फरक दुरुस्त न करता जसाच्या तसा नोंदीत ठेवावा.